नाण्यावरचं झाड

ये, बस. ते यंत्र इथं ठेव, पपईच्या सावलीत,
नाहीतर तापून बंद पडतं.
मागच्या साली आलेल्या पोराचं पडलं होतं,
मी तासभर रिकाम्या डबीशी बोललो.

हो, मीच तो. लिकांदो मुबिता, दुभाषा.
थोरल्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागं.
बहुतेक फोटोंत माझा नुसता कान आलाय.

ते साहेबाच्या भाषेत बोलत,
तुरुंगात शिकलेली, कडक इस्त्रीची भाषा.
समोर नदीकाठची माणसं, होड्या चिखलातून ओढून आलेली.
त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे.
मधे मी.

पहिल्याच सभेत ते म्हणाले, स्वातंत्र्य.
आणि थांबले. माझ्याकडं पाहिलं.
आमच्या भाषेत असा शब्दच नव्हता, पोरी.
गुलामाला एक होता, राजाला सतरा होते,
पुराच्या पाण्याला तर मोजदाद नाही.
घसा कोरडा पडला. मग मी म्हणालो:

जू उतरल्यावर बैल ज्या झाडाला
पहिल्यांदा मान घासतो,
ते झाड आजपासून आपलं.

क्षणभर काहीच नाही.
मग मागून एका म्हातारीनं जिभेची लकेर काढली
आणि सगळं मैदान उठलं.
थोरल्यांना वाटलं, आपल्या शब्दासाठी.
वाटू दे. त्यांनी त्या गावाला दवाखाना दिला.
तुझ्या आजीची तीन लेकरं आधी गेली होती.
चौथं तिथं जन्मलं, जगलं. ती तुझी आई.
हेही यंत्रात असू दे. पुसू नकोस.

पुढं ते झाड नाण्यावर आलं,
टपालाच्या तिकिटावर, विमानाच्या शेपटीवर.
चरित्रात लिहिलंय, त्या झाडाखाली थोरले लहानपणी शेळ्या राखत.
थोरले वाढले रेल्वेच्या क्वार्टरात.
शेळी त्यांनी ताटातच पाहिली असणार.

सातव्या वर्षी शब्द बदलले.
राज्याची सुरक्षितता, ते म्हणाले.
मी म्हणालो, शहाणा माणूस रात्री गोठ्याचं दार लावून घेतो.
लोकांनी माना डोलावल्या. कोण नाही लावत?
त्याच रात्री सितवालाला नेलं. माझा धाकटा.
त्यानं एवढंच विचारलं होतं, किल्ली कुणाकडं?

नऊ वर्षं.
परत आला तेव्हा सताड उघड्या दारातही
उभा राहायचा, कुणी ये म्हणेपर्यंत.

तू विचारणारच, मी सोडलं का नाही.
दुसऱ्या दिवशी सभा होती. मी बूट पुसले आणि गेलो.
याचं भाषांतर मला अजून जमलेलं नाही.

एक देश, एक शाळा, एक भाषा.
हेसुद्धा मीच सांगितलं त्यांना,
शब्दाला शब्द, पदरचं काही न घालता.
तेवढं एकच प्रामाणिक काम माझ्या हातून झालं.
म्हणून तुझी आई नर्स झाली, तू कॉलेजात गेलीस,
आणि म्हणून आपण दोघं आत्ता
साहेबाच्या भाषेत बोलतोय.

शेवटी एकदा आले होते ते. खुर्ची गेल्यावर.
भाड्याची गाडी, कोटाला एक गुंडी निराळी.
दारात उभे राहून म्हणाले, आमच्या भाषेत,
चुकीच्या हेलात:
पाणी.
पंचवीस वर्षांत पहिल्यांदा
त्यांचं म्हणणं मला कुणाला सांगावं लागलं नाही.
सितवाला उठला, भोपळ्याचा तुंबा भरून दिला.
ते प्याले. दोघांतलं कुणीच काही बोललं नाही.
उरलेलं पाणी सितवालानं केळीला घातलं.

झालं ना? आता नाणं कशाला काढतेस?
झाड कुठलं, विचारतेस.
शाळेच्या पुस्तकात काय लिहिलंय?
मग तेच लिही. परीक्षेला तेच चालतं.

आणि जरा मागं येऊन बघ,
माझ्या मानेला काही चावलंय का.